टिक म्हणजे बॅटरी नव्हे

चावी फिरवली, इंजिन उठलं नाही, बॉनेटखालून नुसतं 'टिक' ऐकू आलं, आणि समोरचा माणूस बॉनेट न उघडता "बॅटरी गेल्या बाय, नवी घालया" म्हणाला, तर त्याला एक रुपयासुद्धा देऊ नका. तो लबाड असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तो लबाड नसतोच. त्याने काहीच पाहिलेलं नसतं, एवढंच. आणि न पाहता सांगितलेल्या गोष्टीचे चार-पाच हजार रुपये द्यायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही चुकतंय असं वाटेनासं झालंय.

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुठंही जा, हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. बाई गाडीत बसली असेल तर जरा लवकरच मिळेल. ती गाडीतून उतरते, बाजूला उभी राहते, चार पुरुष बॉनेटभोवती जमतात आणि एक मत ठरतं. चावी तिने फिरवली होती, आवाज तिने ऐकला होता, पण तो आवाज कसा होता हे तिला कोणी विचारत नाही. एकच ठोका की टिक-टिक-टिक अशी माळ? समोरचे दिवे मंद झाले की तसेच लख्ख राहिले? डॅशबोर्डमागून आवाज आला की खाली इंजिनाजवळून? निम्मं निदान या तीन प्रश्नांत आहे आणि त्यांना पैसे पडत नाहीत. मजा अशी की सेल्फ नावाची वस्तू गाडीत आली तेव्हा तिचा मोठा फायदा बायकांनाच होणार होता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर बसवला आणि पुढून लोखंडी हँडल मारून मनगट मोडून घ्यायची पाळी संपत गेली. आपल्याकडे अँबेसिडरला हँडल मारणारे काका मी लहानपणी पाहिलेत. हँडल गेलं. बॉनेटभोवतीचा घोळका मात्र गेला नाही.

आता ही टिक म्हणजे काय ते एकदा नीट समजून घेऊ, कारण आपल्या अज्ञानावरच हा धंदा चालतो.

सेल्फच्या मोटरवर सोलेनॉइड नावाचा एक छोटा डबा असतो. चावी फिरवली की त्यातलं लोखंडी दांडकं खेचलं जातं. ते एकीकडे दातेरी चाक पुढं ढकलतं आणि दुसरीकडे तांब्याचे दोन जाड संपर्क जोडतं. संपर्क जुळले की बॅटरीतला प्रवाह मोटरकडे धावतो. दांडकं खेचायला थोडीच वीज लागते. मोटर फिरवायला मात्र भरमसाट लागते, लहान पेट्रोल गाडीलासुद्धा दीडशे अँपिअरच्या आसपास, डिझेलला त्याहून जास्त. बॅटरी अशक्त असेल किंवा वाटेतला एखादा जोड खराब असेल, तर संपर्क जुळताक्षणी व्होल्टेज कोसळतं, दांडक्याची पकड सुटते, स्प्रिंग त्याला मागं ढकलते. भार गेला म्हणून व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि दांडकं पुन्हा खेचलं जातं. ही खेचाखेच सेकंदाला कितीतरी वेळा होते, तीच आपली टिक-टिक-टिक. ही माळ ऐकू आली म्हणजे सोलेनॉइड जिवंत आहे आणि वीज अपुरी पडते आहे. अपुरी का पडते, हे त्या आवाजातून कळत नाही. बॅटरीतच नसेल, किंवा बॅटरीत आहे पण वाटेत अडते आहे.

"पण दिवे तर लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी चांगली," असं सांगणारा दुसरा पंथ असतो. तोही तितकाच बिनबुडाचा. समोरचे दोन दिवे मिळून दहाएक अँपिअर घेतात. समजा टर्मिनलवर चढलेल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीमुळे तिथं ओहमचा पन्नासावा भाग एवढाच अडथळा तयार झाला. दिव्यांच्या दहा अँपिअरला तिथं ०.२ व्होल्ट द्यावे लागतात, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सेल्फने दीडशे अँपिअर मागितले की तिथंच ३ व्होल्ट खाल्ले जातात. दिवे लागले आणि गाडी सुरू झाली नाही, यात काही विरोध नाही. दहा माणसांना पुरणाऱ्या पायवाटेवरून अख्खी जत्रा न्यायला निघालात तर काय होणार? शिरगावच्या लईराईच्या जत्रेला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यातली खरी गोम मला पुष्कळ उशिरा कळली आणि कळल्यावर राग आला. नवी बॅटरी बसवताना गॅरेजमध्ये नेमकं काय करतात ते पाहा. जुनी टर्मिनलं सोडवतात. कानशीने किंवा कागदाने घासतात. नव्या बॅटरीवर घट्ट आवळतात. चावी फिरवली की गाडी झटक्यात सुरू. मग श्रेय कोणाला? नव्या बॅटरीला! घासण्याचं नाव कोणी घेत नाही, कारण त्याचं बिल होत नाही. जुनी, चांगली चालणारी बॅटरी कोपऱ्यात भंगारात जाते आणि आपण "बरं झालं बाई, वेळेवर कळलं" म्हणत घरी येतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच: नवी घेण्याआधी तीच टर्मिनलं सोडवा, घासा, आवळा, आणि जुनीच बॅटरी ठेवून एकदा चावी फिरवा.

माझ्या नणंदेची गोष्ट सांगते, नावं सांगत नाही. ती पेडणे तालुक्यात शाळेत शिकवते, घर समुद्राच्या अंगाला. पंधरा महिन्यांत तिच्या छोट्या गाडीला दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ अशी भरती झाली. दोन वेगवेगळी गॅरेजं, दोन्ही आत्मविश्वासाने भरलेली. प्रत्येक वेळी गाडी महिना-दोन महिने चालायची आणि पुन्हा एखाद्या सकाळी, शाळेची घंटा होण्याच्या बेतात, टिक. तिसऱ्या बॅटरीची गोष्ट निघाली तेव्हा ती मला म्हणाली, "वहिनी, आता गाडीच विकते." तिला घेऊन आम्ही डिचोलीला एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. त्याची सगळी हयात खाणींवरच्या टिप्परांचं वायरिंग करण्यात गेलेली. त्याने बॅटरीला हातही लावला नाही. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि नणंदेला म्हणाला, "मार सेल्फ, बाय." आकडा ३ च्या वर गेला. दुसरी सुई इंजिनावरून उचलून बॉडीवर टेकवली, पुन्हा सेल्फ. ०.१. "बॉडीपर्यंत वीज बरी येते. इंजिनाला अर्थिंग नाही," एवढं बोलून तो खाली वाकला. बॉडीतून गिअरबॉक्सला जाणारी तांब्याची जाळीदार पट्टी खाऱ्या हवेने खाऊन हिरवी झाली होती, बोल्टाखाली निम्मीच शिल्लक. नवी पट्टी अडीचशे रुपयांची. एकूण वेळ वीस मिनिटं.

दिवे लख्ख का राहत होते तेही तिथंच उलगडलं. दिव्यांचं अर्थिंग बॉडीला असतं, सेल्फचं इंजिनाला. अशा गाडीत जुन्या जमान्यात क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची तार गरम व्हायची, कारण अडलेली वीज त्या बारक्या तारेतून वाट काढायची. प्रत्येक नव्या बॅटरीने गाडी थोडे दिवस का चालली, याचंही उत्तर हेच. ताज्या बॅटरीचा जोर थोडा जास्त, त्यामुळे खराब वाटेतूनही जेमतेम गरजेपुरती वीज पुढं जाते. महिनाभराने वाट आणखी खराब होते, की संपलं.

मला त्या गॅरेजवाल्यांपेक्षा जास्त राग आला तो यापुढच्या गोष्टीचा. वायरमनने मजुरीचे शंभर रुपये मागितले. नणंदेने अर्थात जास्त दिले. पण तो सांगत होता की लोक शंभरही देत नाहीत. "नुसतं बघितलंस तर आहे, त्याचे कसले पैसे?" म्हणतात. हीच माणसं पाच हजारांची बॅटरी मुकाट्याने घेतात, कारण ती हातात धरता येते, तिच्यावर कंपनीचं लेबल असतं, वॉरंटीचं कार्ड असतं. निदानाला वजन नाही म्हणून त्याला किंमत नाही. मग मेकॅनिकने काय करावं? तासभर मीटर लावून "तुमची बॅटरी चांगली आहे, जोड घासला" असं सांगितलं तर त्याला चहापुरते पैसे मिळणार आणि बॅटरी विकली तर कमिशन. प्रामाणिकपणाला दंड आणि अंदाजाला बक्षीस, अशी व्यवस्था आपण गिऱ्हाइकांनी उभी केली आहे, आणि वर आपणच मेकॅनिक लोकांना चोर म्हणतो.

डिचोलीत अशी जाणती माणसं अजून सापडतात याला कारण आहे, आणि ते फारसं सुखाचं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा ठप्प. हजारो ट्रक दारात उभे राहिले. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत जाते आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो, तो पुढं निघत नाही. टिप्परला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, २४ व्होल्टसाठी. एक कमजोर झाली की दोन्ही गेल्यासारख्या वाटतात. कर्जाचे हप्ते थकलेले असताना दोन्ही बदलणं कुणाला परवडणार? म्हणून त्या लोकांनी एकेक बॅटरी वेगळी मोजायला शिकून घेतलं. बेकारीने जे शिकवलं ते आता विकत घेणारं कोणी नाही, कारण नव्या पिढीला गॅरेजात पार्ट बदलण्याचंच शिक्षण मिळतंय.

आणि पेडण्याच्या अंगाने पाहा. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, पोरांनी कर्ज काढून टॅक्सी घेतल्या. पहाटेच्या विमानाचं भाडं, आणि दारात गाडी टिक म्हणाली, की भाडं गेलं आणि वर बॅटरीचा खर्च. त्याला घाई असते. घाईतल्या माणसाला काहीही विकता येतं. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात हवेत मीठ आहे, वर चार महिने कोसळणारा पाऊस. इथं टर्मिनल आणि अर्थिंग हा पहिला संशयित असायला हवा. तोच शेवटी तपासला जातो, किंवा कधीच नाही.

बॅटरी खरंच जातेच की, असं कोणी म्हणेल. जाते. आपल्या उष्ण हवेत तीन-चार वर्षांत जातेच, कधी त्याआधीही. पण उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यात फरक आहे आणि तो फरक आकड्यात दिसतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग सेल्फ मारताना पाहायचं: ९.६ च्या खाली कोसळत असेल आणि बॅटरी भरलेली असेल, तर हो, ती गेली, बदला, माझी हरकत नाही. पण ती आधीच रिकामी असेल तर ती का रिकामी झाली ते विचारा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर तिला भरतच नाही, आणि नवी बॅटरीही आठवड्यात तशीच बसेल. ते ठीक असेल तर डॅशकॅमेरा, नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम, उघडा राहिलेला डिकीचा दिवा. साधा मीटर पाचशे रुपयांच्या आत येतो. दोन डाळींचे डबे घेताना आपण वजनकाटा तपासून पाहतो, इथं का नाही?

मीटर नसेल तर जुनी ट्रकवाल्यांची रीत आहेच. अंधारात भिंतीसमोर गाडी, हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. दिवे विझत आले आणि टिक-टिकची माळ लागली तर बॅटरी किंवा तिचे जोड. दिवे लख्ख राहिले आणि एकच टिक आली तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही: सोलेनॉइडमधले संपर्क जळलेत, सेल्फचे कार्बन झिजलेत, किंवा नणंदेच्या गाडीसारखं इंजिनाचं अर्थिंग गेलंय. अशा वेळी सेल्फच्या अंगावर हलकेच पान्हा ठोकला आणि गाडी उठली, तर कार्बन संपत आलेत असं समजायचं, गाडी सुधारली असं नाही. टिकच आली नाही तर सगळी गोष्टच वेगळी: क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीचा गिअर नीट पार्कमध्ये नसणं, चावीची ओळख न पटणं. तिथं बॅटरी सुचवणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

टर्मिनल घरी साफ करायचं तर आधी निगेटिव्ह काढा आणि शेवटी तेच लावा, म्हणजे पान्हा बॉडीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्याजवळ ठिणगी आणि विडी दोन्ही नकोत. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, कोरडं करून आवळणं, वर व्हॅसलीनचा हात. एवढंच. आपण लोणच्याच्या बरणीची जितकी निगा राखतो त्याच्या चौथ्या भागाएवढी.

चांगली बॅटरी भंगारात गेली तर फक्त पैसेच गेले असंही नाही. बॅटरीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिसं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण गल्लीतल्या भट्ट्या अजून बंद झालेल्या नाहीत. तिथं कोयत्याने बॅटरी फोडतात, आम्ल मातीत ओततात, शिसं उघड्यावर वितळवतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं जास्त आहे, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत अशा भट्ट्या आहेत. आमच्यात पाणी गाळून पितात, सूर्य मावळायच्या आत जेवतात, आणि तीच माणसं दीड-दोन वर्षाला एक चालती बॅटरी भंगारात देतात नि ती पुढं कोणाच्या अंगणात फुटते ते विचारत नाहीत. मला हे बोलून दाखवल्यावर घरात दोन दिवस अबोला होता, तरी बोलते.

तेव्हा गॅरेजमध्ये गेल्यावर मागायचं ते हे: बिलावर आकडे लिहा. उभ्या बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट. आणि या तीन आकड्यांचे दोनशे-तीनशे रुपये, बॅटरी बदलली नाही तरी, हसत हसत द्या. जो लिहून देणार नाही त्याच्याकडून खिळासुद्धा विकत घेऊ नका.

एक प्रसंग मात्र असा आहे की तिथं बॅटरीचा हा आंधळा विश्वास हजारांवर थांबत नाही. जुलै २०२१ चा पूर सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांनी पाहिला आहे, साखळीला वाळवंटी तर अधूनमधून बाजारात येतेच. पाण्यातून काढलेली गाडी चावी फिरवल्यावर एकच जड 'टक' करते. वाटतं बॅटरी भिजली. कोणीतरी जंपर केबल आणतो, कोणी नवी बॅटरी, आणि सगळा जोर लावून सेल्फ मारला जातो. आत सिलिंडरमध्ये पाणी असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी जितकी ताजी तितका धक्का मोठा. प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी काढलं असतं तर कदाचित गाडी वाचली असती. आता इंजिन खोलायचं, खर्च लाखाच्या घरात. विम्याचा माणूस येतो, भिजलेली सीट बघतो, इंजिन बघतो, आणि शांतपणे विचारतो, पाणी शिरल्यावर सेल्फ कोणी मारला?